उंबरठ्यावरचा खोळंबा : प्रस्तावना

ज्या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिण्याची आवश्यकता आहे असे सहसा कोणास वाटणार नाही, अशा विषयावरचे हे पुस्तक आहे, हे वाचकांस आरंभीच निवेदन केलेले बरे. टेबलावरच्या संगणकात एखादा प्रोग्रॅम उघडावा म्हणून त्याच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारल्यापासून त्यात पहिले अक्षर उमटवता येईपर्यंत जो काळ लोटतो, तेवढ्याच काळाचा विचार या पानांत केला आहे. प्रोग्रॅम रचणाऱ्याच्या लेखी हा काळ इतका क्षुल्लक असतो की कामाच्या अंदाजपत्रकात त्यास रकानाही मिळत नाही. परंतु जो मनुष्य तो प्रोग्रॅम पोटासाठी दररोज वापरतो, त्याच्या दिवसाचा प्रारंभ नेमका याच काळाने होत असतो, आणि उंबरठ्यावर तिष्ठत ठेवलेल्या पाहुण्याचे मन पुढे पंचपक्वान्नांनीही पुरते निवत नाही, हा अनुभव संसारात जसा खरा तसाच या यंत्रविद्येतही खरा आहे.

माझे सारे काम वसई आणि विरार यांच्या दरम्यान झाले. या मुलुखात सहकाराची परंपरा जुनी आहे; बसीन कॅथॉलिक सहकारी बँक 1918 साली स्थापन झाली, आणि पुढच्या काळात लहानमोठ्या पतसंस्था ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे मिळून 2009 साली महानगरपालिका झाली, 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि या सगळ्या उलथापालथीत केळीच्या बागा व पानवेलींच्या वाड्या हटून तेथे इमारती उभ्या राहिल्या. वस्ती वाढली तशी खातेदारांची संख्या वाढली, कीर्द-खतावणीच्या वह्या कपाटात गेल्या आणि टेबलांवर संगणक आले. अशाच एका पतसंस्थेसाठी, जिचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, मी ऐन उमेदीत हिशेबाचा एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. या पुस्तकाचे मूळ त्या प्रोग्रॅमात, किंबहुना त्याच्या दोषात आहे.

प्रोग्रॅम चालू होऊन काही महिने लोटल्यावर किरकोळ दुरुस्तीच्या निमित्ताने मी एका सकाळी साडेनऊच्या सुमारास तेथे गेलो. पावसाळ्याचे दिवस होते, रात्री वीज गेली होती, आणि बंद पडलेला संगणक नुकताच चालू केलेला होता. काउंटरवरच्या बाईंनी प्रोग्रॅमच्या चिन्हावर टिचकी मारली आणि पडद्याकडे न पाहताच त्या उठल्या. मी विचारले, "कुठे निघालात?" त्या म्हणाल्या, "सर, तुमचं मशीन जागं होईपर्यंत मी देवाला उदबत्ती लावून घेते. रोजचंच आहे." उदबत्ती लावून, खिडक्या उघडून, कालचे टपाल चाळून त्या परत आल्या तरी पडद्यावर पांढरी चौकट तशीच होती, तिच्या माथ्यावर प्रोग्रॅम प्रतिसाद देत नसल्याचा इंग्रजी शेरा उमटला होता, आणि काउंटरच्या पलीकडे पासबुक हातात घेऊन चार माणसे उभी होती. बाईंच्या बोलण्यात तक्रारीचा सूर मुळीच नव्हता, आणि तेच मला अधिक लागले. कारण तक्रार आहे तोवर दोष दूर होण्याची आशा असते, त्याची सवय झाली की तो दोष मिरासदार होऊन बसतो.

त्याच दिवशी दुपारी मी प्रोग्रॅमच्या प्रत्येक पायरीशी वेळेची नोंद करणारी एकेक ओळ घातली आणि उघडताना तो काय काय उद्योग करतो याची यादी काढली. परवान्याची तपासणी, आतल्या खोलीतील मुख्य संगणकाशी संधान, समस्त सभासदांच्या नावांची यादी मागवून ती वर्णानुक्रमे लावणे, पिग्मी एजंटांनी आदल्या दिवशी गोळा केलेला भरणा खात्यांवर चढवणे, माहितीच्या संचाची अनुक्रमणिका धड आहे की नाही हे पाहणे, छपाईयंत्राची विचारपूस आणि मराठी टंकांची मोजदाद: अशी सात कामे एकामागून एक, एका दमात, पडद्यावर काहीही दिसण्यापूर्वी चालत होती. यांतील एकही काम निरुपयोगी होते असे नाही. मात्र ती सर्वच्या सर्व उघडण्याच्या घटकेलाच का करावयाची, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एवढेच होते की ती जागा मला लिहिण्यास सोयीची वाटली. आरंभीच्या विलंबाचे बहुतांशी हेच निदान आहे, आणि या पुस्तकाचे सारही यातच आहे: हा विलंब यंत्राच्या मंदगतीपेक्षा कामांच्या चुकलेल्या क्रमातून अधिक उद्भवतो, आणि तो क्रम आपण वापरणाऱ्याच्या गरजेऐवजी स्वतःच्या सोयीने लावलेला असतो.

पडदा पांढरा का पडतो, हे ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी एका जुन्या कचेरीचे चित्र पुरेसे आहे. कचेरीच्या खिडकीशी एक बारनिशी कारकून बसला आहे. येणारा प्रत्येक कागद त्याच्यापुढच्या रांगेत येतो, तो उचलतो, नोंदतो, मार्गी लावतो आणि पुढचा उचलतो. प्रोग्रॅमच्या मुख्य थ्रेडचे काम तंतोतंत हेच आहे. माऊस हलला, कळ दाबली गेली, खिडकीचा कोपरा पुन्हा रंगवायचा आहे, असा प्रत्येक संदेश त्या रांगेत येऊन पडतो. आता या कारकुनालाच साहेबांनी दप्तरखान्यात धाडले आणि चाळीस वर्षांपूर्वीचा रुमाल सोडून त्यातील एक कागद शोधण्यास सांगितले, तर खिडकी उघडी असूनही ओस पडते. बाहेरचा मनुष्य हाका मारतो, काच ठोकतो आणि शेवटी कचेरी बंद आहे असे समजतो. विंडोज प्रणालीची सबुरी पाच सेकंदांची आहे. तेवढ्या अवधीत खिडकीने रांगेतील संदेश उचलला नाही तर प्रणाली तिच्यावर पांढुरके पटल ओढते आणि प्रतिसाद नसल्याचा शेरा मारते. वापरणारा मग पुन्हा टिचकी मारतो, पुन्हा मारतो, आणि एकाच प्रोग्रॅमच्या तीन प्रती एकाच माहितीच्या संचासाठी भांडू लागतात.

मनुष्य किती वेळ थांबण्यास राजी असतो, याचाही विचार विद्वानांनी केला आहे. आयबीएममधील रॉबर्ट मिलर यांनी 1968 साली संगणकाच्या प्रतिसादकाळावर निबंध वाचला; त्याच विचारधारेत जेकब नील्सन यांनी 1993 च्या आपल्या ग्रंथात तीन मर्यादा सांगितल्या. एक दशांश सेकंदात उत्तर आले तर ते तत्काळ आल्यासारखे वाटते, एका सेकंदापर्यंत विचारांचा ओघ तुटत नाही, आणि दहा सेकंदांपलीकडे मन अन्यत्र जाते. आमच्या बाईंचे मन उदबत्तीकडे गेले ते या तिसऱ्या मर्यादेपलीकडे.

याच संदर्भात ॲपल कंपनीतील एक हकीकत वारंवार सांगितली जाते. मॅकिंटॉश यंत्र तयार होत असताना, 1983 साली, स्टीव्ह जॉब्ज यांनी लॅरी केनियन या अभियंत्यास यंत्र सुरू होण्याचा काळ दहा सेकंदांनी घटवण्यास सांगितले. पन्नास लक्ष लोक रोज हे यंत्र सुरू करतील, तेव्हा वर्षाकाठी कितीतरी डझन मनुष्यजन्म वाचतील, असा त्यांचा युक्तिवाद होता, असे अँडी हर्ट्झफेल्ड यांनी लिहून ठेवले आहे. मी हा हिशेब मांडून पाहिला. सत्तर वर्षांचे आयुष्य धरले तर वर्षाला आठ जन्मांहून थोडे अधिक भरतात, डझनही पुरा होत नाही. मालकांच्या गणितात अतिशयोक्ती होती, मागणी मात्र रास्त होती. आपणांस पन्नास लक्षांचे आकडे मांडण्याचे कारण नाही. एका काउंटरवर रोज एक मिनिट वाया गेले तर कामाच्या तीनशे दिवसांत पाच तास जातात. आणि त्या मिनिटात समोर चार माणसे उभी असतील तर त्यांचे वीस तास वेगळे.

विलंबाची उगमस्थाने या पुस्तकाच्या पूर्वार्धात सविस्तर आली आहेत; येथे तिहींचा नामनिर्देश करतो. पहिले स्थान चकतीचे. मिनिटास 7200 फेरे घेणाऱ्या चकतीला एक फेरा पुरा करण्यास आठ सहस्रांश सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो, आणि वाचणारी सुई जागेवर नेण्यास सुमारे तितकाच. म्हणजे विखुरलेल्या हजार लहान फायली उघडावयाच्या झाल्या तर निव्वळ शोधण्यातच दहा-बारा सेकंद सहज निघून जातात. नव्या घन-स्मृतीच्या चकत्यांनी हे दुखणे पुष्कळ हलके केले, परंतु आमच्या भागातील कचेऱ्यांतून जुन्या फिरत्या चकत्या दीर्घकाळ राबल्या. शिवाय एकदा वाचलेले पान प्रणाली स्मृतीत राखून ठेवते, त्यामुळे तोच प्रोग्रॅम दुसऱ्यांदा झटकन उघडतो. प्रोग्रॅम रचणारा आपली कृती दिवसातून पन्नास वेळा उघडतो, पण त्यातील एकोणपन्नास वेळा ती उबदार अवस्थेत असते. वापरणाऱ्याच्या वाट्याला मात्र रोज सकाळचा थंड आरंभच येतो. आपला प्रोग्रॅम मंद आहे हे कर्त्यासच शेवटी कळते, याचे कारण हे.

दुसरे स्थान जाळ्याचे. आतल्या खोलीतील संगणक बंद असेल तर बाहेरच्यास तसे कोणी सांगत नाही. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत जोडणीची विनंती एकदा जाई, तीन सेकंदांनी पुन्हा जाई, त्यानंतर सहा सेकंदांनी तिसऱ्यांदा जाई आणि मग बारा सेकंद वाट पाहून नाद सोडला जाई. हे एकवीस सेकंद आमच्या प्रोग्रॅमने कित्येकदा मृत दारावर थापा मारण्यात घालवले आहेत. तिसरे स्थान टंकांचे, आणि ते खास आपले. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, 1991 साली, देवनागरीला जागा मिळाली. परंतु लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके जुळवणाऱ्या दुकानांतून जुन्या सांकेतिक लिप्यांचे टंक शेकड्यांनी भरलेले असत, आणि जुळवणीचा प्रोग्रॅम उघडताना त्या प्रत्येकाची हजेरी घेतली जाई. टंकांची यादी एकदा करून फायलीत ठेवावी आणि टंकांच्या कपाटात बदल झाला असेल तरच ती पुन्हा करावी, एवढ्या साध्या तोडग्याने हे काम आटोपते.

उपायांचा क्रम मी पुस्तकभर एकच ठेवला आहे, आणि वाचकांनीही तो मोडू नये अशी विनंती आहे. प्रथम मोजावे, कारण अनुमानाने ज्या कामावर ठपका ठेवावा ते बहुधा निर्दोष निघते. नंतर जे काम मुळातच नको ते काढून टाकावे. नंतर जे मागितल्यावाचून लागत नाही ते मागणी येईपर्यंत तहकूब ठेवावे. सभासदांची सर्व नावे आरंभीच मागवण्याची मला काय गरज होती? खातेदार समोर आल्यावर बाई "परे" एवढी दोन अक्षरे टंकतात. तेवढ्यावर परेरा आडनावाची वीस-पंचवीस नावे मागवली की काम भागते, आणि लोपीस, म्हात्रे, वर्तक, राऊत आपापल्या जागी निवांत राहतात.

जे काम टाळता येत नाही आणि तहकूबही ठेवता येत नाही, त्यास दिवसाची दुसरी वेळ शोधावी. याचा धडा या भागातील माणसांनी पुस्तकातून घेण्याची आवश्यकता नाही. 1867 साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली, तेव्हापासून या प्रदेशाचे घड्याळ रेल्वेच्या तालावर चालत आले आहे. आज विरारच्या कारशेडमध्ये रात्री गाड्या उभ्या राहतात, त्यांची तपासणी व साफसफाई तेथेच होते, आणि पहाटे फलाटाला लागलेल्या गाडीत टोपलीवाल्यांनी फक्त चढावयाचे असते. उतारू चढत असताना कोणी चाके तपासू लागला तर त्याचे जे स्वागत होईल ते येथे वर्णन करण्याचे कारण नाही. माझ्या प्रोग्रॅममधील अनुक्रमणिकेची तपासणी मी संध्याकाळच्या मेळानंतर, कचेरी बंद होण्याच्या वेळी नेऊन ठेवली. सकाळचा खोळंबा त्या एका स्थलांतराने निम्म्याहून कमी झाला.

एवढे करूनही जे उरेल ते पडद्यामागे न्यावे. बारनिशी कारकुनाच्या हाताखाली एक उमेदवार द्यावा आणि दप्तरखान्यातील शोध त्याने करावा, ही ती युक्ती. हे काम पूर्वी अत्यंत कष्टाचे होते. 2005 साली डॉट-नेटच्या दुसऱ्या आवृत्तीत बॅकग्राउंडवर्कर आला, 2006 च्या अखेरीस जावाच्या सहाव्या आवृत्तीत स्विंगवर्कर आला, आणि 2012 मध्ये सी-शार्प भाषेने एसिंक व अवेट हे दोन शब्द देऊन ते पुष्कळ सुलभ केले. नियम मात्र सर्वत्र एकच आहे: उमेदवाराने खिडकीवरच्या वहीत परस्पर लिहू नये, त्याने चिठ्ठी द्यावी, आणि वहीत नोंद कारकुनानेच करावी. हा नियम मोडला की प्रोग्रॅम कधी चालतो, कधी कोसळतो, आणि कोसळण्याचे कारण कोणासच सापडत नाही.

या युक्तीने मी एकदा तोंडघशी पडलो आहे, आणि त्याची कबुली दिल्याखेरीज हे पुस्तक प्रसिद्ध करणे मला प्रशस्त वाटत नाही. पिग्मीचा भरणा चढवण्याचे काम मी उत्साहाच्या भरात पडद्यामागे नेले. खिडकी तत्काळ उघडू लागली आणि मी स्वतःवर प्रसन्न झालो. चौथ्याच दिवशी भाजी विकणाऱ्या एका मावशी काउंटरवर आल्या आणि शिल्लक ऐकून म्हणाल्या, "काल मी शंभर दिले, ते कुठे गेले?" त्यांचे शंभर रुपये सुरक्षित होते; फक्त त्यांची नोंद अजून चढत होती, आणि माझ्या प्रोग्रॅमने अर्धवट झालेल्या कामाचा आकडा पूर्ण झालेल्या कामाच्या ऐटीत दाखवला होता. मंद प्रोग्रॅमने बाईंचा एक मिनिट घेतला होता. चपळ प्रोग्रॅमने संस्थेच्या पतीलाच हात घातला. त्या दिवसापासून मी दंडक केला की जे तयार नाही ते तयार नसल्याचे दिसलेच पाहिजे: ठेवीदाराचे नाव, पत्ता, पासबुकाचा क्रमांक लगेच दिसावा, परंतु भरणा चढेपर्यंत शिल्लकेच्या जागी आकडा न दाखवता "कालचा भरणा चढत आहे" असे स्पष्ट मराठीत लिहिलेले असावे, आणि पैसे देण्याची कळ तोवर बंद असावी. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे याचा तक्ता मांडल्याशिवाय एकही काम पडद्यामागे नेऊ नये, यासाठी एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे.

आरंभी झळकणाऱ्या चित्रफलकाविषयी, ज्यास स्प्लॅश म्हणतात, मी हात राखून लिहिले आहे. बोधचिन्ह आणि कंपनीचे नाव दाखवून काळ निभावून नेणे म्हणजे रिकाम्या खुर्चीवर कोट टांगून साहेब आत्ताच बाहेर गेल्याचे भासवणे होय. ब्रॅड मायर्स यांनी 1985 साली दाखवून दिले की कामाचा किती हिस्सा उरकला हे सांगणारी पट्टी लोकांना हवीशी वाटते. पण ती पट्टी खरी असली पाहिजे. नव्याण्णव टक्क्यांवर येऊन अर्धा मिनिट थबकणारी पट्टी वापरणाऱ्यास एकदाच फसवते, त्यानंतर तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

या पुस्तकातील उदाहरणे लहान कचेऱ्यांची आहेत, आणि ती मी बुद्धिपुरस्सर तशी ठेवली आहेत. मोठ्या कंपन्यांच्या प्रोग्रॅमांची काळजी वाहणारी माणसे पुष्कळ आहेत. तालुक्याच्या गावी, एकट्याने, दोन शिकवण्या आणि एक दुरुस्तीचे दुकान सांभाळून पतसंस्थेचा किंवा औषधाच्या दुकानाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणास मराठीतून कोणी चार गोष्टी सांगत नाही. त्याच्यासाठी हे लिहिले. ज्या बाईंनी मला उदबत्तीचे कारण सांगितले त्यांचे आणि ज्या मावशींनी आपल्या शंभर रुपयांचा जाब विचारला त्यांचे ऋण मी नावानिशी फेडू शकत नाही, कारण आपण काही शिकवले हे त्या दोघींस ठाऊकही नाही.

वाचकांस शेवटी एवढेच सांगणे आहे की पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी त्यांनी एक दिवस उसना काढावा, आपला प्रोग्रॅम जेथे चालतो त्या कचेरीत सकाळी कुलूप उघडण्याच्या वेळी हजर राहावे, तेथील सर्वांत जुना संगणक थंड स्थितीतून चालू होऊ द्यावा, आणि काउंटरच्या बाहेरच्या बाजूस, रांगेत, हातात घड्याळ घेऊन उभे राहावे. जो आकडा मिळेल तो या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावा. त्यासाठीच ते पान कोरे ठेवले आहे.

वसई,
अक्षय्य तृतीया